जखमेचें मोजमाप

दुःखाला वजनकाटा नाहीं, असें आपण म्हणतों. आणि तरीहि व्यवहारांत दुःखाचें वजन करण्याची पाळी मनुष्यावर पुनःपुन्हां येते. यंत्रांत हात गेलेल्या कामगाराची नुकसानभरपाई ठरवितांना ती येते. अपघातांत दगावलेल्या गृहस्थाच्या कुटुंबाला काय द्यावें हें ठरवितांनाहि येते. परंतु सैनिकाच्या बाबतींत ह्या वजनाला एक निराळा अर्थ प्राप्त होतो. कामगाराचा हात जावा अशी कोणाचीहि अपेक्षा नसते. तो गेला तर योजना कोठें तरी चुकली, असें सर्व मानतात. सैनिकाकडून मात्र राष्ट्रानें त्याचें शरीर आधींच मागून घेतलेलें असतें. वेळ आल्यास तें खर्चीं पडेल, हें देणाऱ्यालाहि ठाऊक असतें आणि घेणाऱ्यालाहि. म्हणून तो अपंग होऊन किंवा रोगी होऊन घरीं परततो, तेव्हां त्याला जें देण्यांत येतें तें दान, भरपाई कीं ऋणफेड, हा प्रश्न उभा राहतो. आणि त्याचें उत्तर आपण काय देतों, त्यावर पुढील सर्व हिशेबाचें स्वरूप अवलंबून असतें.

हा विचार आमच्या मनांत येण्यास एक लहानसें निमित्त झालें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शेजारीं सातारा जिल्ह्यांतील एक हवालदार राहावयास आले. तेरा वर्षांची नोकरी. त्यांतील दोन हिवाळे अति उंचावरील बर्फांत काढलेले. पुढें हृदयविकार जडला आणि वैद्यकीय मंडळानें त्यांना सेवेस अपात्र ठरवून घरीं पाठविलें. अपंगत्व तीस टक्के, कायमचें, अशी नोंद होती. तिच्याखालीं दुसरी एक नोंद होती: विकार शरीराच्या मूळ घडणींतून उद्भवलेला, लष्करी सेवेमुळें झालेला नाहीं, व सेवेनें वाढलेलाहि नाहीं. पत्र इंग्रजींत असल्यामुळें तें वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हांला वाटलें, आतां ते पेन्शनच्या आंकड्यासंबंधीं विचारतील. ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "गुरुजी, पैशाचं राहू द्या. पण आजार माझ्या घरचा आहे, असं लिहिलंय होय यांनी?"

ह्या एका वाक्यांत आमच्या विषयांतील दोन्ही प्रश्न आले आहेत. पहिला प्रश्न मापाचा: मनुष्याच्या शरीराचा किती भाग गेला, हें सांगतां येतें काय? दुसरा प्रश्न कारणाचा: तो कोणाच्या कामीं गेला, हें सांगतां येतें काय?

मोजण्याची ही रीत नवी नाहीं. सभासदाच्या बखरींत, १६५९ सालच्या प्रतापगडच्या युद्धानंतर शिवाजीमहाराजांनीं जखमी लोकांना जखम पाहून दोनशेंपासून पंचवीस होनांपर्यंत रकमा दिल्याचें नमूद आहे. जे पडले त्यांच्या मुलांचें चालविलें, व ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या स्त्रियांना निमें वेतन दिलें, असेंहि तेथें म्हटलें आहे. पुढें पेशवाईच्या दप्तरांत अशा नेमणुकांना 'बालपरवेशी' असा शब्द रूढ झाला. तो शब्द आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. मेलेल्याची किंमत त्यांत नाहीं. राहिलेल्यांच्या पोषणाची जबाबदारी आहे. पहिल्या महायुद्धांत लक्षावधि माणसें अवयव गमावून परत येऊं लागलीं, तेव्हां इंग्लंडांत ह्या जुन्या रीतीला तक्त्याचें रूप आलें. अमुक अवयव गेला तर शेंकडा अमुक, असे भाग ठरविण्यांत आले. उजव्या हाताला डाव्याहून अधिक मोल मिळालें. हिंदुस्थानच्या सैन्यालाहि टक्क्यांची हीच भाषा लाभली, आणि स्वातंत्र्यानंतरहि ती आपण चालूं ठेविली.

ह्या टक्क्यांनीं नेमकें काय मोजावयाचें, याविषयीं मात्र एकवाक्यता नाहीं. अमेरिकेंत निवृत्त सैनिकांसाठीं जें कोष्टक आहे, त्याचें तत्त्व असें कीं, त्या विकारामुळें मनुष्याच्या कमाईच्या शक्तींत सरासरीनें किती घट होते तें मोजावें. त्या कोष्टकांतील एक गणित मोठें विचार करण्यासारखें आहे. एकाला पन्नास टक्क्यांचा एक विकार आणि तीस टक्क्यांचा दुसरा असेल, तर आपण सहज ऐंशीं म्हणूं. तेथें तसें करीत नाहींत. पहिल्या विकारानें निमें मनुष्यत्व नेलें, उरलेल्या निम्म्याचे तीस टक्के म्हणजे पंधरा, एकूण पासष्ट, आणि दहाच्या पटींत आणावयाचे म्हणून सत्तर. हा हिशेब प्रथम ऐकतांना हंसूं येतें. पण त्यामागें एक शहाणपण आहे. दुसरा घाव पूर्ण मनुष्यावर पडत नाहीं, उरलेल्यावर पडतो, हें त्यांत ओळखलेलें आहे. मात्र त्यांत एक आंधळेपणहि आहे. ज्याचा एक डोळा आधींच गेला आहे त्याचा दुसरा डोळा जाणें म्हणजे उरलेल्याचा अंश जाणें नव्हे, सर्वस्व जाणें होय, हें सामान्य गणिताला कळत नाहीं. म्हणून त्याच कोष्टकाला दोन्ही डोळ्यांसाठीं निराळा नियम करावा लागला आहे. गणित जेथें माणसापुढें हात टेंकतें तेथें अपवाद जन्मास येतो. आणि अपवाद करण्याची तयारी ही आम्ही कोणत्याहि नियमाच्या सभ्यपणाची खूण समजतों.

आंकड्याचा दुसरा दोष त्याच्या उंबरठ्यांत आहे. आपल्याकडे १९६१ च्या लष्करी पेन्शन-नियमांनीं वीस टक्क्यांची मर्यादा घातली; तिच्या खालीं अपंगत्वाचें वेतन नाहीं. अमेरिकेंत १९४९ पासून लष्करी वैद्यकीय निवृत्तीला तीस टक्क्यांचा उंबरठा आहे. ज्याची सेवा वीस वर्षांहून कमी आणि अपंगत्व तीसांहून कमी, त्याला सामान्यतः एकरकमी पैसे देऊन निरोप देतात. एकोणीस आणि वीस यांमध्यें शरीरांत कोणता भेद असतो? तपासणाऱ्या डॉक्टरला तो दाखवितां येणार नाहीं. परंतु घरच्या चुलीला तो जन्मभर जाणवेल. येथें आमच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं सुखविंदर सिंग यांच्या प्रकरणांत एक सरळ तर्क लढविला. ज्या अपंगत्वामुळें सैनिकाला सेवेंतून काढून टाकावें लागलें, तें वीस टक्क्यांहून अधिकच होतें असें धरलें पाहिजे. युक्तिवाद साधा आहे, पण अभेद्य आहे. कामावर ठेवण्यास तूं फार पंगु आहेस, आणि पेन्शन देण्यास तूं पुरेसा पंगु नाहींस, हीं दोन वाक्यें एकाच तोंडानें एकाच मनुष्याला सांगतां येत नाहींत.

हे आंकडे केवळ अंदाज आहेत, ही कबुली शासनानेंहि अप्रत्यक्षपणें दिली आहे. १९९६ पासून लागूं झालेल्या नियमान्वयें पन्नासांच्या आंतील अपंगत्व पन्नास धरावें, त्यापुढें पंचाहत्तरपर्यंतचें पंचाहत्तर, आणि त्याहून अधिक तें शंभर धरावें, असें ठरलें. हा लाभ प्रथम केवळ मुदतीपूर्वीं अपात्र ठरवून काढलेल्यांनाच मिळे. नेमलेली सेवा पुरी करून अपंगत्वासह निवृत्त झालेल्यांनाहि तो मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें राम अवतार यांच्या प्रकरणांत डिसेंबर २०१४ मध्यें दिला. ज्यानें आजारीपणांतहि शेवटपर्यंत काम ओढलें, त्याला त्याबद्दल शिक्षा कां व्हावी? आमच्या मतें ह्या वाढीव आंकड्याचें नैतिक मर्म इतकेंच आहे कीं, मोजणारा चुकणार हें ठाऊक असतांना त्याच्या चुकीचा भार मोजला जाणाऱ्यानें वाहूं नये.

आतां दुसऱ्या, अधिक बिकट प्रश्नाकडे वळूं. जखमेचें कारण दिसतें. रोगाचें दिसत नाहीं. गोळी लागून पाय गेला तर वाद नाहीं. परंतु हृदयविकार, अपस्मार, मधुमेह, मनाचा ढासळलेला तोल, हीं कोठून आलीं? रक्तांतून, थंडींतून, पहाऱ्याच्या रात्रींतून, कीं घरची पत्रें वाचून उत्तर देण्यास सवड नसण्यांतून? कार्यकारणभावाचा हा प्रश्न तत्त्वज्ञांनीं शतकानुशतकें चघळला आहे, आणि त्यांना तो सुटलेला नाहीं. वैद्यकीय मंडळाला मात्र तो एका बैठकींत, एका रकान्यांत सोडवावा लागतो. मंडळाविषयीं आम्हांला अनादर नाहीं. त्याच्यावर घातलेलें ओझेंच माणसाच्या ज्ञानाहून मोठें आहे. जेथें ज्ञान संपतें तेथें निर्णय मात्र थांबत नाहीं. अशा वेळीं संशयाचें ओझें कोणाच्या खांद्यावर टाकावयाचें, हेंच ठरवावयाचें उरतें. आणि हा प्रश्न वैद्यकाचा नाहीं, नीतीचा आहे.

१९८२ च्या नियमांनीं ह्या प्रश्नाचें उत्तर उदारपणें दिलें होतें. भरतीच्या वेळीं ज्याच्या अंगीं रोगाची नोंद नाहीं, तो त्या वेळीं निरोगी होता असें मानावें. आपला हक्क सिद्ध करण्यास दावेदाराला सांगूं नये. आणि वाजवी संशयाचा फायदा त्याला मिळावा. ह्याच नियमांचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं धरमवीर सिंग ह्या शिपायाच्या बाजूनें निकाल दिला. तो १९८५ मध्यें सैन्यांत गेला, आणि सुमारें नऊ वर्षांच्या सेवेनंतर अपस्मारामुळें वीस टक्के अपंग ठरून घरीं आला. रोग सेवेशीं संबद्ध नाहीं असें मंडळाचें मत होतें; परंतु त्या मताला कारणें दिलेलीं नव्हतीं, ह्यावर न्यायालयानें बोट ठेविलें. भरती करतांना तुम्ही त्याला डोळ्यांत तेल घालून तपासलें, कान-डोळे-छाती पाहिली, आणि निकोप म्हणून घेतलें. परत पाठवितांना तो मुळांतच किडलेला होता असें म्हणावयाचें असेल, तर तें कां, हें सांगण्याची जबाबदारी तुमची आहे. बाजारांतहि पारखून घेतलेलें भांडें वर्षभर वापरून फुटल्यावर कोणी कुंभाराकडे नेत नाहीं.

येथें दुसरी बाजूहि प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. सरकारचा खजिना म्हणजे कोणा एकाचें घर नव्हे. त्यांत शेतकऱ्याचा आणि मजुराचाहि पैसा आहे. पन्नाशींतल्या अनेक सुखवस्तु गृहस्थांना रक्तदाब व मधुमेह होतो. त्यांनीं गणवेष घातला असता तर तो देशसेवेचा रोग झाला असता काय? २०२३ मध्यें पुढें आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांत, अपंगत्वाच्या लाभासह निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचें प्रमाण जवानांहून बरेंच अधिक असल्याचें दिसून आलें. जो अधिक चालतो, अधिक वाहतो, अधिक उन्हांत उभा राहतो, त्याच्याहून खुर्चीवरचा अधिक अपंग व्हावा, हें ऐकून कोणाहि विचारी मनुष्याच्या कपाळाला आठी पडेल. त्याच वर्षीं सप्टेंबरांत नवे नियम आले. त्यांत रोगांची छाननी अधिक कडक झाली, आणि अपंगत्व असूनहि सेवेंत राहिलेल्यांना मिळणाऱ्या रकमेचें नांवहि बदललें. ह्या नियमांचे समर्थक म्हणाले, लबाडाला आळा बसेल. विरोधक म्हणाले, खऱ्या रोग्याचा बळी जाईल. दोघांचेंहि म्हणणें खरें असूं शकतें, आणि हीच ह्या प्रश्नांतील खरी अडचण आहे.

तेव्हां निवड करावयाची ती दोन चुकांमध्यें. एका लबाडाला पैसा जाणें ही एक चूक. एका खऱ्या रोग्याला, तुझा आजार तुझाच, असें सांगून दारांतून परत पाठविणें ही दुसरी. पहिल्या चुकीनें तिजोरीचें नुकसान होतें, आणि तें भरून निघतें. दुसरीनें एक मनुष्य आपल्या आयुष्यांतील सर्वांत चांगल्या वर्षांकडे संशयानें पाहूं लागतो. तें नुकसान कोणत्याहि अंदाजपत्रकांत दिसत नाहीं आणि कशानेंहि भरून येत नाहीं. शिवाय लबाडी पकडण्याचीं साधनें राज्यापाशीं पुष्कळ आहेत. खरेपणा सिद्ध करण्याचीं साधनें शिपायापाशीं फार थोडीं. त्याचे कागद दुसऱ्याच्या कपाटांत, त्याची भाषा दुसरी, आणि त्याच्या बाजूनें साक्ष देणारी बर्फाची टेंकडी मुकी. म्हणून संशय त्याच्या पारड्यांत पडावा, असें आम्हांला वाटतें. दयेनें नव्हे, ज्याच्यापाशीं बळ अधिक त्यानें ओझें अधिक उचलावें, ह्या साध्या न्यायानें.

कारणाच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्या नियमांत शत्रूच्या माऱ्यानें आलेलें अपंगत्व आणि सेवेंतील अपघातानें किंवा रोगानें आलेलें अपंगत्व यांत मोठा भेद केलेला आहे. युद्धांत जखमी होऊन शंभर टक्के अपंग झालेल्याला त्या जखमेपोटीं अखेरच्या वेतनाइतकी रक्कम मिळते. इतरांना शंभर टक्क्यांसाठीं वेतनाच्या तीस टक्के. आतां, तोफेच्या गोळ्यानें गेलेला पाय आणि रसद नेतांना दरींत कोसळलेल्या ट्रकखालीं गेलेला पाय, हे दोन्ही पाय सारखेच गेलेले असतात. ह्या भेदाचें समर्थन होऊं शकेल काय? आमच्या मतें अर्धें होऊं शकेल. जखमी सैनिकाला आपण जें देतों त्यांत दोन वस्तु मिसळलेल्या असतात, एक निर्वाह आणि दुसरा गौरव. गौरव प्रसंगाप्रमाणें निराळा असूं शकतो. रणांतील घावाला अधिक मान देण्यांत अन्याय नाहीं. परंतु निर्वाह प्रसंग ओळखत नाहीं. लांकडी पायाची किंमत, आणि जिना चढवून नेणाऱ्या मनुष्याचा पगार, अपघात कोठें झाला हें विचारून कमीजास्त होत नाहीं.

हाच न्याय हुद्द्यालाहि लावून पाहावा. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनुसार २०१६ मध्यें शंभर टक्के अपंगत्वासाठीं अधिकाऱ्याला सत्तावीस हजार, कनिष्ठ कमिशन्ड अधिकाऱ्याला सतरा हजार व जवानाला बारा हजार रुपये, अशा ठराविक रकमा सुचविण्यांत आल्या. त्यावर गहजब झाला आणि पुढच्या वर्षीं पूर्वीची टक्क्यांची पद्धति परत आली. परंतु टक्के वेतनाचेच असल्यामुळें मूळचा भेद कायम राहिला. अमेरिकेंत निवृत्त सैनिकांच्या खात्याकडून मिळणारी अपंगत्वाची भरपाई हुद्दा पाहत नाहीं. सेनापतीचा गुडघा आणि शिपायाचा गुडघा तेथें एकाच भावानें मोजतात. वेतन हें जबाबदारीचें मोल आहे, म्हणून तें निराळें असावें हें आम्हांला मान्य आहे. पण दृष्टि, चाल, झोंप, यांना हुद्दा नसतो. उलट, ज्याला अंगमेहनतीवांचून दुसरा धंदा नाहीं त्याचा पाय जाणें हें लेखणीवर पोट भरणाऱ्याच्या पाय जाण्याहून अधिक मोठें दारिद्र्य आहे.

मोजमापाविरुद्ध एक आक्षेप नेहमीं घेण्यांत येतो: टक्क्यांचा शिक्का मारल्यानें मनुष्य स्वतःलाहि तेवढाच समजूं लागतो; आजारावर पेन्शन अवलंबून असली म्हणजे बरें होण्याची इच्छाच मरते. ह्यांत तथ्यांश आहे, आणि त्यावरचा उतारा आपल्या पुण्याजवळच पाहावयास मिळतो. खडकी येथें अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी संस्था १९१७ पासूनची परंपरा सांगते. पुण्याचें कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचें आहे. आणि कमरेखालीं लुळ्या झालेल्या जवानांसाठीं खडकींत १९७४ पासून एक पुनर्वसन केंद्र चालूं आहे. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धांत गोळ्यांनीं जायबंदी झाले, आणि १९७२ मध्यें जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक स्पर्धेंत पन्नास मीटर पोहण्याचें सुवर्णपदक त्यांनीं मिळविलें. त्यांची टक्केवारी काय असेल ती असो. त्या पाण्यांत तिचा उपयोग झाला नाहीं. परंतु ह्या उदाहरणाचा दुरुपयोग होऊं नये. पेटकर पोहले म्हणून दुसऱ्याची पेन्शन कमी करणें म्हणजे पराक्रमालाच दंड बसविणें होय. गमावलेल्याची किंमत दिल्यावर उरलेल्यांतून मनुष्य काय घडवितो, हें त्याचें स्वतःचें वैभव आहे. त्यावर खजिन्याचा हक्क नाहीं.

मग आंकडे टाकून द्यावेत काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. आंकडा नसेल तर वशिला येतो. आणि वशिल्याच्या राज्यांत गरीब शिपायाला आज मिळतें तेवढेंहि मिळणार नाहीं. माप हें दुबळ्याचें शस्त्र आहे. फक्त मापणाऱ्यानें आपण काय मोजलें आणि काय मोजूं शकलों नाहीं, याचें भान ठेवावें. निर्णयाबरोबर कारणें द्यावीं, तीं त्या मनुष्याला समजेल अशा भाषेंत द्यावीं. आणि जेथें आपल्यालाच ठाऊक नाहीं तेथें 'नाहीं' असें ठासून लिहूं नये. 'सेवेमुळें झाला नाहीं' आणि 'सेवेमुळें झाला असें दिसून आलें नाहीं', ह्या दोन वाक्यांत कागदावर तीनच शब्दांचें अंतर आहे. पण पहिलें वाक्य मनुष्याला खोटें पाडतें; दुसरें केवळ आपलें अज्ञान कबूल करतें.

आमच्या हवालदारांनीं अपील केलें. तें लिहावयास आम्ही बसलों होतों, म्हणून सांगतों कीं, त्यांतील निम्मे दिवस जुने कागद मिळविण्यांत गेले. पहिलें अपील एका ओळीच्या उत्तरानें परत आलें. पुढें न्यायाधिकरणांत जावें लागलें. तारखा पडत गेल्या. त्यांची मुलगी त्या अवधींत शाळेंतून कॉलेजांत गेली. अखेर निकाल त्यांच्या बाजूनें लागला, आणि मागील थकबाकीसुद्धां रक्कम मंजूर झाली. तो कागदहि इंग्रजींतच होता, आणि तोहि आम्हींच वाचून दाखविला. रक्कम ऐकून त्यांच्या पत्नीनें पदरानें डोळे पुसले. हवालदार मात्र पूर्वींसारखेच कांहीं वेळ गप्प होते. मग त्यांनीं विचारलें, "ते आधीचं वाक्य खोडलं का गुरुजी?"

आम्हीं निकालाचीं पानें पुन्हां चाळलीं. विकार सेवेमुळें वाढला असें मानण्यांत येत आहे, असें तेथें होतें. आम्हीं तें त्यांना दोनदां वाचून दाखविलें. त्यांनीं मान हालविली, कागदाची नीट घडी घातली, आणि ती पेन्शनच्या पुस्तकांत न ठेवतां, भरतीच्या वेळीं मिळालेल्या जुन्या दाखल्याजवळ ठेविली.